नवव्या वसाहतीतली केसर

निघोजे, रविवार, ३ ऑगस्ट २०२५

हर्षाली,

माझा नंबर तू तीन वर्षं बंद करून ठेवलायस, म्हणून हे कागदावर. पत्ता बाबांकडून घेतला. ते आधी देत नव्हते. "तिला नको असंल तर?" म्हणाले. मी म्हटलं, नको असेल तर फाडून टाकेल, पत्राचं तेवढं बरं असतं. मग दिला.

मी तुझा खेळ खेळतेय. हसू नकोस. कपाटात टाकून गेलेला तुझा जुना लॅपटॉप बाबांनी चिंचवडला नेऊन दुरुस्त करून आणला. कुठलं बटण कशाला ते वर्षालीनं मला जेवणाच्या सुट्टीत कागदावर लिहून दिलं. वर्षाली म्हणजे कंपनीत आमच्या लाइनवरची ट्रेनी, पत्रा दाबायची प्रेस चालवते, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिनंच सांगितलं की 'नववी वसाहत' मराठीतही खेळता येतो आणि शेवटच्या नावांमध्ये 'कथा आणि संवाद : हर्षाली' असं येतं. आडनाव तू लावलेलं नाहीस. तेही पाहिलं.

पहिल्या रविवारी मी दोन तास नुसती चालत होते. तुझा तपासनीस पृथ्वीवरून त्या लांबच्या चंद्रावर उतरतो, काचेच्या घुमटाखाली दोनशे माणसं खाणीत राबतायत, आणि मी आपली एकेकाला थांबवून विचारतेय, काय चाललंय, जेवण झालं का. बाबा शेजारी बसून वैतागले. "अगं, तपास करायला आलीस का हळदी-कुंकवाला?" मग त्यांनाच एका तहानलेल्या म्हाताऱ्याची दया आली. "त्याला पाणी दे की. तुझ्या पिशवीत दोन बाटल्या हायेत." दिलं. पुढे बोगद्यात मलाच पाणी कमी पडलं आणि मी मेले. असा खेळ लिहिलायस. बरा लिहिलायस.

काल केसर भेटली.

घुमटातली हवा शुद्ध करायचं यंत्र सांभाळणारी बाई. तिच्या नवऱ्याचा हात खाणीतल्या ड्रिलमध्ये गेलाय. ड्रिलची संरक्षक जाळी त्यानं स्वतःच काढली होती, अशा कागदावर साक्षीदार म्हणून केसरची सही आहे. आणि तपासात कळतं की जाळी त्यानं काढलेली नव्हती.

मला ओळखायला वेळ लागला नाही. केसांचा अंबाडा माझ्यासारखाच, उभं राहायची ढबही माझीच, एका पायावर भार देऊन. बाबा म्हणाले, "चहा टाकतो," आणि उठून गेले.

मग पडद्यावर निवडायला तीन ओळी आल्या. केसरला पुढच्या यानानं वसाहतीबाहेर काढा. कागद जाळा आणि गप्प राहा. कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

मी लॅपटॉप मिटला. नोकरीसाठी सही केली, बाबांना खोटं पाडलं, असं तू घर सोडून जाताना म्हणालीस. तसंच धर. मी त्यावर काही लिहिणार नाही.

— आई

निघोजे, रविवार, १७ ऑगस्ट

हर्षाली,

तिन्ही करून पाहिलं.

वर्षालीनं सांगितलं की खेळ एका जागी साठवून ठेवायचा आणि पटलं नाही तर तिथूनच पुन्हा सुरू करायचा. आमच्याकडे बिघडलेला नग पुन्हा दुरुस्त केला तर त्यावर पिवळा ठिपका लावतात, पुढच्याला कळावं म्हणून. तुझ्या खेळात ठिपका नाही. मागे गेलं की सगळं कोरं. त्यामुळे मी निर्लज्जपणे दोनदा मागे गेले.

आधी तिला बाहेर काढलं. तुला वाटलं असेल की मी ते करणार नाही. तेच आधी केलं. नवरा दारापर्यंतसुद्धा आला नाही. मग चार महिन्यांनी हवेचं यंत्र तुंबलं, ते कसं उघडायचं हे तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं, आणि खालच्या मजल्यावरची मुलं खोकायला लागली.

मग कागद जाळला. त्यानंतर बराच वेळ सगळं छान. इतकं छान की मी विसरले. आणि मग त्याच ड्रिलनं एक एकोणीस वर्षांची मुलगी गेली. तिला मी सुरुवातीला जेवलीस का विचारलं होतं. हर्षाली, मी खुर्चीवरून उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तिसऱ्यांदा वाचून दाखवला. जाळी बसली. कुणी केसरला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त तिच्या टेबलावर कुणी जेवायला बसेना. ती आपली यंत्र पुसत राहिली. तिसराच पर्याय बरोबर आहे, एवढं मलाही कळतं.

पण माझी एक तक्रार आहे आणि ती खेळणारी म्हणून आहे, आई म्हणून नाही. त्या बोगद्यातल्या मोडक्या यंत्रमानवाला तपासनीस सात प्रश्न विचारू शकतो. मी मोजले. तुझं तेल कधी बदललं, इथपर्यंत. केसरला एकही नाही. कागद तपासनीस वाचतो, निकाल तपासनीस देतो, आणि ती नुसती उभी. सही का केलीस, एवढं तरी विचारता यायला हवं होतं. उत्तर खोटं वाटलं तर वाटू दे. विचारायची सोय हवी.

हे मी पॅकिंगमध्ये सुमनताईंना सांगत बसले होते. त्या इथल्याच निघोज्याच्या, आमच्या कंपनीची शेड उभी आहे ती जमीन त्यांच्या चुलत्यांची. म्हणाल्या, "ह्या वयात गेम खेळती व्हय गं? आन् वर त्यातल्या बाईसाठी भांडती?"

मी म्हटलं, "ती बाई काही बोलतच नाही हो."

"मंग तुज्यासारखीच हाय," म्हणाल्या आणि टेप कापायला लागल्या.

त्यांना काही ठाऊक नाही. सहज बोलल्या. तरी दिवसभर ते माझ्याबरोबर फिरत राहिलं.

— आई

निघोजे, रविवार, ७ सप्टेंबर

हर्षाली,

विचारायची सोय नाही, तर न विचारता सांगते.

त्या वर्षी मी पॅकिंगला कंत्राटी होते आणि बाबा दीडशे टनी प्रेसवर. तू दहावीला. प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात, त्यांच्यामधून न दिसणारे किरण जातात. हात आत गेला की किरण तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबते. आम्ही त्याला नुसतं सेन्सर म्हणतो.

खंडेनवमीला मशिनींची पूजा. झेंडूचे हार आम्ही पॅकिंगच्या बायका कँटीनमध्ये बसून करायचो. बाबांच्या प्रेसचा हार मी केला. माझ्या नवऱ्याची मशीन, म्हणून दोन वीत जास्त लांब केला. सगळ्यात शोभेल असा. तो खांबांवर लावला तर मध्ये झोळ पडला. पंख्याच्या वाऱ्यानं हार हलायचा, किरण तुटायचा, प्रेस थांबायची. चार वेळा थांबली. अर्जुनराव तेव्हाही सुपरवायझर होते. म्हणाले, "वहिनी, हार उतरवू का जरा?"

मी म्हटलं, "भाऊ, पूजेचा हार आजच्या आज उतरवतात का? सुकेपर्यंत राहू द्या."

ते हसले. पॅनलमधली किल्ली फिरवली. ती किल्ली फिरवली की सेन्सर बंद आणि प्रेस न थांबता चालते. हार सुकला, तिसऱ्या दिवशी झाडणाऱ्यानं उतरवून टाकला. किल्ली तशीच राहिली. माल जास्त निघत होता, म्हणून कुणी बघितलंच नाही. त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता बाबांची चार बोटं गेली.

पिंपरीच्या दवाखान्यात कंपनीतले एक साहेब कागद घेऊन आले. सेन्सर धनेश यांनी स्वतः बंद केला, निष्काळजीपणा, खाली साक्षीदार. मी तो दोनदा वाचला. त्यात हाराचं नाव कुठेच नव्हतं. सही केली की हाराबद्दल मला कधीच कुणी विचारणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. बाबांचं काय होईल हे आलं नाही. माझं काय होईल हे आलं.

कायमची नोकरी नंतर मिळाली. ती मी घेतली. लाइन लीडरही झाले. बाबांना त्या शेऱ्यामुळे कुठल्याच कंपनीनं उभं केलं नाही आणि ते चऱ्होलीला सोसायटीच्या गेटवर बसायला लागले. माझ्या सहीचं त्यांना तेव्हाच कळलं होतं. ते एका शब्दानं बोलले नाहीत. हाराचं त्यांना अजून ठाऊक नाही. आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय ते तुला.

— आई

निघोजे, रविवार, २८ सप्टेंबर

हर्षाली,

शुक्रवारी पहिली शिफ्ट करून आले, लॅपटॉप उघडला तर म्हणे नवी आवृत्ती आलीय. ती उतरायला दीड तास लागला. सहज केसरकडे गेले.

पडद्यावर चौथी ओळ होती. 'तू सही का केलीस?'

घाईत दोनदा भलत्याच ठिकाणी दाबलं गेलं. आणि तिनं सांगितलं. चंद्रावर झेंडू कुठले? तू तिला तांब्याच्या तारेची माळ करायला लावलीस, नवऱ्याच्या ड्रिलवर चढवायला. ती माळ जाळीत अडकत होती म्हणून जाळी काढली गेली. "माझं काय होईल एवढंच माझ्या डोक्यात आलं," म्हणते केसर. शब्दसुद्धा तेच.

त्याखाली अजून एक नवी ओळ. 'तिला स्वतः बोलू द्या.'

दाबलं. ती सभागृहात उभी राहून बोलली. अर्धी माणसं उठून गेली. तिचं पद गेलं. जाळी बसली. हवेचं यंत्र चालू राहिलं, कारण ते कसं उघडायचं हे ती दुसऱ्यांना शिकवायला लागली. माफी तू कुठेही लिहिलेली नाहीस. बरं केलंस. लिहिली असतीस तर माझा विश्वास बसला नसता.

तू मला पत्र लिहिलं नाहीस. पण माझी पत्रं वाचलीस, फाडली नाहीस. मी लॅपटॉपला नमस्कार केला. बाबा बघत होते. "देव बिव निघाला का काय त्याच्यातून?"

मग त्यांना बसवलं आणि हाराचं सांगितलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हे उठून चऱ्होलीला जातील आणि परत येणार नाहीत. मग म्हणाले, "नऊ वर्षं तू ह्याच्यासाठी झुरायलीस?"

"माझ्या हारामुळे झालं ना."

"हाराला हात असतेत का? किल्ली हारानं फिरवली का?" त्यांचा आवाज चढला. नऊ वर्षांत पहिल्यांदा चढला. "हार तुझी चूक. किल्ली त्यांची. आन् सही... सही मात्र तुझी हाय, कस्तुरा. तेवढी माझ्या मनात सलती. रोज गेटवर गाड्यांचे नंबर लिवताना सलती."

मी तीन गोष्टींची एकच गाठ मारून ठेवली होती. त्यांनी चहा निवायच्या आत ती सोडवली. आणि सोडवल्यावर नेमकं माझं तेवढं माझ्या हातात ठेवलं.

येत्या बुधवारी खंडेनवमी. गुरुवारी दसरा आणि दोन ऑक्टोबरची सुट्टी, म्हणून माल आदल्या दिवशीच निघायचाय. बाबांच्या त्या प्रेसवर आता वर्षाली असते. यंदा हार मी आखूड करायला लावलेत. पण नुसते हार आखूड करून माझी सही पुसली जात नाही. मला बोलावं लागेल, आणि बोलले तर नोकरी राहील का, ते ठाऊक नाही.

— आई

निघोजे, शुक्रवार, ३ ऑक्टोबर

हर्षाली,

बोलले.

आखूड हारांचा काही उपयोग झाला नाही. ऑफिसनं फोटोसाठी पिंपरीच्या मंडईतून तयार हार मागवले होते, मनगटाएवढे जाड. ते मशिनींवर चढले. पूजा झाली, पेढे वाटले, फोटो निघाले, आणि वर्षालीची प्रेस सुरू झाली की थांबायला लागली. तीनदा थांबली. प्लांटचे साहेब हातात पेढा घेऊन तिथेच उभे. "अर्जुनराव, काय चाललंय? चार वाजता गाडी भरायचीय."

अर्जुनराव पॅनलकडे वळले. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. केस पिकलेत, पण वळण्याची पद्धत तीच. कुणी त्यांना चोर म्हणणार नाही. ते नुसते काम चालू ठेवणारे आहेत. मीही नऊ वर्षं तेच केलं.

मी लाल बटण दाबलं. ते प्रत्येक लाइनवर असतं, दाबायचा हक्क सगळ्यांना असतो, आणि कुणी दाबत नाही. भोंगा वाजला. सगळी लाइन थांबली. नंतर मी पुढे जाऊन तो हार उतरवला. मागून कुणी तरी म्हणालं, "मॅडम, अहो आजच्या दिवशी हार..."

"हो," मी म्हटलं, "आजच्याच दिवशी."

साहेब म्हणाले, "कस्तुराताई, हा काय प्रकार आहे?"

हार हातात धरून मी बोलले. भाषण मला येत नाही. म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी ह्याच प्रेसवर माझ्या हारामुळे सेन्सर बंद केला. नंतर तो कुणी चालू केला नाही. माझ्या नवऱ्याची बोटं गेली. त्यानं स्वतः सेन्सर बंद केला असं मी लिहून दिलं. ते खोटं होतं. आज तिथे ह्या मुलीचे हात आहेत. किल्ली फिरवायची असेल तर आधी माझं खरं लिहून घ्या.

साहेब म्हणाले, "हे आपण केबिनमध्ये बोलू."

"असल्या कागदांवर सह्या बंद दाराआडच होतात," असं म्हणायला हवं होतं, पण सुचलं ते घरी आल्यावर. तेव्हा मी "नाही, इथेच" एवढंच म्हणाले.

वर्षालीनं हातमोजे काढले. घडी घातली, प्रेसवर ठेवले आणि मशीनपासून चार पावलं लांब जाऊन जमिनीवर मांडी घालून बसली. मग शेजारची बसली. मग पॅकिंगकडून सुमनताई आल्या, पदर खोचून, हातात टेपचं रीळ. "काय गं, काय झालं?" कुणीतरी कानात सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आन् मी तुला म्हनत हुते, तू बोलत न्हाईस म्हून!" असं म्हणून त्याही बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी खाली बसल्या.

शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत अर्जुनरावांनी पॅनल उघडलं. त्यांनी किल्ली फिरवली नाही. उपसून बाहेर काढली, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "किल्ली मी फिरवली होती, वहिनी. तुमच्या कागदाखाली माझं बी लिहून घ्या."

चारची गाडी रिकामी गेली. सहा वाजता आम्ही दोघांनी सह्या केल्या, माझ्या दोन, कारण पहिल्या कागदावर पेढ्याचा हात लागला. एक प्रत सरकारी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत गेली. ती मी स्वतः नेऊन दिली आणि शिक्का मारून घेतला.

बसमधून येताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. शेजारी बाई होती म्हणून म्हटलं नाही. निघोज्याच्या फाट्यावर उतरले आणि घरापर्यंत म्हणत आले.

— आई

निघोजे, रविवार, १६ नोव्हेंबर

हर्षाली,

परवा तू फोन केलास तेव्हा नीट सांगता आलं नाही. बाबा सारखे मधे बोलत होते, आणि तू "थांबा बाबा, आईला बोलू दे" म्हणालीस तेव्हा मलाच पुढचं बोलता येईना. म्हणून पुन्हा कागदावर. आता ह्याची सवय लागलीय.

आधी वाईट. खोटी साक्ष दिली म्हणून माझं लाइन लीडरचं पद काढलं आणि लेखी ठपका ठेवला. पुन्हा पॅकिंगला आहे, सुमनताईंच्या हाताखाली. त्या जाम खूश आहेत. "आता माज्या मर्जीनं टेप काप," म्हणतात. काही बायका अजून माझ्याशी बोलत नाहीत. नवऱ्याविरुद्ध लिहून दिलं होतं, हे त्यांना पचत नाही. त्यांचंही बरोबर आहे. अर्जुनरावांची बढती थांबवली. ठपका मी घडी करून कपाटात ठेवलाय. त्यात लिहिलेलं खरं आहे आणि मला तो जड वाटत नाही.

निरीक्षक दोनदा येऊन गेले. सगळ्या आठ प्रेसच्या सेन्सर बंद करायच्या किल्ल्याच काढून टाकल्या. आणि बाबांच्या नोंदीत 'निष्काळजीपणा' ह्या शब्दावर रेघ मारून 'यंत्रातील संरक्षण बंद असल्यामुळे' असं आलं. ते पत्र बाबांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतलं. गेटवर येणाऱ्या दूधवाल्यालासुद्धा दाखवलं म्हणे.

पण तुला सांगायचं होतं ते गुरुवारचं. प्रेस पुन्हा सुरू करायच्या आधी सेन्सरची चाचणी घेतात. लाकडी दांडी किरणांत घालायची, प्रेस थांबली पाहिजे. साहेब म्हणाले, चाचणी कोण घेणार? वर्षाली म्हणाली, "धनेशकाकांना बोलवा." साहेब आधी नाही म्हणाले. मग निरीक्षकांकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, वॉचमनची टोपी काढून खिशात. नऊ वर्षांनी त्या शेडमध्ये पाऊल ठेवलं. चढावासमोर थांबल्यासारखे उंबऱ्याशी थांबले, मी पुढे झाले नाही, त्यांना जायचं तेव्हा ते गेले. वर्षालीनं दांडी दिली. उजव्या हाताला पकड नाही, म्हणून डाव्यानं धरली. प्रेस सुरू झाली. दीडशे टन खाली यायला लागले आणि त्यांनी दांडी आत घातली.

थांबली. दांडीच्या वर, हवेत, तिथल्या तिथे.

सगळे टाळ्या वाजवायला लागले. पॅकिंगवाल्या शिट्ट्या मारत होत्या, सुमनताईंनी तर दोन बोटं तोंडात घालून मारली. बाबांनी मान वर करून त्या लोखंडाकडे पाहिलं. मग वर्षालीला म्हणाले, "परत एकदा लाव, पोरी."

पुन्हा थांबली.

"परत."

टाळ्या थांबल्या, सगळे बघत राहिले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. वर्षाली चालू करत होती, बाबा दांडी घालत होते, प्रेस थांबत होती. अकरा वेळा. बाराव्या वेळी त्यांनी दांडी माझ्याकडे दिली.

— आई